मानेवरचे मणी

या अंकाच्या संपादकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "बाई, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. जुने दागिने, जुन्या बायका, वाचायला छान वाटतं." मी हो म्हटलं. पण लिहायला बसले आणि कळलं, माझ्याजवळ गमती थोड्या आहेत आणि राग पुष्कळ. तेव्हा फराळात एखादी चकली जास्त तिखट निघाली असं समजा आणि पाणी जवळ ठेवून वाचा.

मी पटवेकरीण. कारंज्याच्या सराफा लाइनीत एका ओट्यावर बसून बायकांचे दागिने गाठवण्यात माझी उमर गेली. पुष्कळांना हा धंदा माहीतच नसतो, म्हणून सांगते. सोनार मणी घडवतो, डोरलं घडवतो आणि तुमच्या हातात देतो. पण सुटे मणी काही गळ्यात घालता येत नाहीत. ते रेशमात ओवायचे, मध्ये गाठी मारायच्या, मागे मानेवर गोंडा बांधायचा, आणि तो सरकवला की माळ लहानमोठी व्हावी अशी सोय ठेवायची, हे आमचं काम. दोरा ताणायला तिसरा हात लागतो. तो देवानं दिला नाही म्हणून आम्ही पायाचा अंगठा वापरतो. बदलीवर आलेल्या एका अधिकाऱ्याची बायको एकदा ओट्यासमोर ओरडली, "अहो, माझं मंगळसूत्र पायाला लावता?" मी म्हटलं, "मग तुमच्या गळ्याला लावून ताणू का?" बदली होईपर्यंत ती माझी पक्की गिऱ्हाईक होती.

सासूनं मला पहिला धडा दिला तो गाठीचा नव्हता, शब्दाचा होता. आमच्या ओट्यावर 'तुटलं' हा शब्द चालत नाही. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. संध्याकाळी दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात. बाई येते, पदराची गाठ सोडते, मणी समोर ठेवते आणि हळूच सांगते, "वाढलं वो." आम्ही समजून घेतो. या एका शब्दानं पुढे काय घोळ घातला ते येईलच.

आता रागाकडे येते. जुने दागिने जमवणारे लोक आमच्या लाइनीत फिरू लागले त्याला बरीच वर्षं झाली. पहिल्यांदा ते आले तेव्हा मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? आपल्या लोकांनी जुन्या दागिन्यांचं जे केलं ते मी समोर बसून पाहिलं आहे. आजीची बोरमाळ नातीला जड होते. मग ती मोडीत जाते, म्हणजे सोनाराच्या मुशीत वितळते, आणि नात मशीनवर कापलेली, फुंकर मारली तर उडेल अशी साखळी घालून मिरवते. माझ्या हाताच्या कितीतरी गाठी मी स्वतः कापून दिल्या आहेत, कारण मुशीत दोरा चालत नाही. तेव्हा मुशीच्या तोंडातून कोणी दागिना ओढून काढत असेल तर त्याचं भलं होवो, असं मला वाटायचं.

पण मग त्यांच्या मागण्या सुरू झाल्या. एक व्यापारी नव्या मण्यांची माळ घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, दोरा जुना करून द्या. चहाच्या पाण्यात बुडवा, थोडं तेल, थोडी हळद, मानेचा घाम दिसला पाहिजे." मानेचा घाम! आमच्या बाया उन्हात निंदण करताना जो गाळतात तो याला चहापत्तीतून पाहिजे होता. दुसरा एक पोतंभर घुगऱ्या घेऊन आला. मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांवर बायका कानशिलावर, केसांत, चांदीच्या घुगऱ्या लावतात. लग्न झालेल्या बाईचं ते लेणं, नवरा गेला की उतरतं. याला प्रत्येक घुगरीला लाल गोंडा लावून पाहिजे होता. म्हटलं, कोणासाठी? तर म्हणे एका फार्महाऊसच्या पडद्यांसाठी. मी विचारलं, "तुमच्या घरच्या बाईचं मंगळसूत्र पंख्याच्या बटणाला लटकवता का?" तो हसला आणि पोतं उचलून दुसऱ्या पटव्याकडे गेला. त्यानं गोंडे लावून दिले, हेही सांगितलं पाहिजे.

या सगळ्यांत वाशीमचे साहेब वेगळे होते. त्यांचं नाव लिहीत नाही, साहेबच म्हणते. जन्मभर मोठमोठ्या शहरांत मोठी नोकरी, आणि निवृत्त झाल्यावर वडिलांच्या जागेवर बंगला बांधून राहिलेले. माणूस सभ्य. बोलणं गोड, हातात पांढरे मोजे. दागिना असा उचलायचे की जणू झोपलेलं लेकरू. वऱ्हाडातल्या जुन्या दागिन्यांचं त्यांना खरंच वेड होतं आणि माहितीही पुष्कळ होती. कोणती घडण कुठली, कोणता मणी लाखेचा, कोणता भरीव, सगळं सांगायचे. मलाही त्यांच्याकडून चार गोष्टी समजल्या.

आमचं पहिलं भांडण रिठ्यावरून झालं. त्यांनी एक बोरमाळ गाठवायला आणली आणि मी सवयीनं ती रिठ्याच्या पाण्यात टाकली. साहेब ओट्यावर चढायचे बाकी राहिले. "अहो बाई, काय केलंत! तो अस्सल मळ होता!"

"साहेब, मळ अस्सलच असतो," मी म्हटलं. "नकली मळ मी अजून पाहिला नाही." तोवर तो चहापत्तीवाला यायचा होता.

साहेब सगळ्या दुकानांत सांगून ठेवायचे, जुनं काही मोडीत आलं तर आधी मला दाखवा, मुशीत टाकू नका. लाइनीत लोक त्यांना दागिन्यांचा पांजरपोळ म्हणत. म्हातारी गाय खाटकाकडे जाण्याआधी तिकडे न्यायची, तसं. मीही हसायचे. देवकाबाईची एकदाणी तिकडे जाऊन पोचेपर्यंत हसत होते.

देवकाबाई ही माळ्याची बाई. धनजच्या रस्त्याला त्यांच्या भावकीची बागायत आहे, वांगी, मेथी, टमाटे, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. ती बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन कारंज्यात यायची आणि जाताना माझ्या ओट्यावर टेकायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बोलायला फटकळ, मनानं साफ.

त्यांच्या भावकीत एक एकदाणी होती. एकदाणी म्हणजे वाटाण्याएवढ्या सोन्याच्या मण्यांची एकेरी माळ. ती कोण्या एकीची नव्हती, सगळ्या भावकीची होती. घरात जी नवरी येईल ती हीच एकदाणी घालून बोहल्यावर उभी राहायची, आणि पुढची नवरी येईपर्यंत तीच सांभाळायची. मग मांडवात आपल्या हातानं नव्या नवरीच्या गळ्यात घालायची. आता यातली खरी गोष्ट समोरून दिसत नसे. मागच्या दोऱ्यात, मानेवर, गोंड्याच्या वर काचेचे बारीक काळे मणी होते. एका नवरीचा एक मणी. लग्नाआधी एकदाणी माझ्याकडे यायची, मी नव्या नवरीच्या नावाचा मणी तीत ओवायचे आणि नवा गोंडा बांधायचे. माझ्याआधी सासूनं तेच केलं होतं. याला त्यांच्या घरात शब्द होता, एकदाणी 'वाढवणे'. सगळ्या वऱ्हाडात वाढवणे म्हणजे मोडणे, आणि या एका घरात वाढवणे म्हणजे वाढवणे.

एकदा देवकाबाईनं गोंडा सोडून मला तिचा मणी दाखवला होता. म्हणाली, "गळ्यातली पोत त त्यायच्या संगं गेली. हा येवढा एक मनी राह्यला माया. याले कोनी हात लावत नाई." नवऱ्याच्या नावाचा काळा मणी तिच्या अंगावर आता कुठेच नव्हता. जगात होता तो फक्त त्या दोऱ्यात.

शेवटची नवरी होती देवकाबाईची सून, रूपाली. अमरावतीची, शहरात लहानाची मोठी झालेली, शांत. एकदाणी तिच्याजवळ होती. तिच्या चुलत दिराचं लग्न ठरलं, आणि त्याच सुमारास तिच्या पोरानं खेळता खेळता एकदाणी ओढली. दोरा गेला. मणी तिनं सगळे वेचले, काळेसुद्धा, आणि दोऱ्यासकट कागदात बांधले. देवकाबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला मानोऱ्याला गेली होती. रूपालीनं घाबरत फोन लावला, "आत्याबाई, एकदाणी वाढली."

तिकडे तान्हं पोर रडतंय, फोनला धड रेंज नाही. देवकाबाईला वाटलं, सून विचारते आहे की लग्न आलं, एकदाणी वाढवायची का? ती म्हणाली, "हो हो, वाढवून टाक. लगन जवळ येऊन राह्यलं."

रूपालीच्या माहेरी वाढवणे म्हणजे मोडणे. सासरचा अर्थ तिच्या कानावर आला नव्हता, तिचा मणी ओवला तेव्हा ती अजून माहेरीच होती. ती समजली, वाढलेली वस्तू मंगल कार्यात घरात नको, मोडून टाक, असं सासू म्हणते आहे. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सासूचा शब्द. ती आधी माझ्याकडेच आली होती विचारायला. मी डोळ्याच्या ऑपरेशनला अकोल्याला होते, ओट्यावर चादर टाकलेली. मग ती समोरच्या नव्या शोरूममध्ये गेली, एकदाणी मोडीत दिली आणि त्या बदल्यात नव्या नवरीसाठी नवा हार घेतला. लाल मखमलीच्या डबीत. स्वतःसाठी नाकातली एक फुलीसुद्धा घेतली नाही.

मी परत येऊन बसले त्या आठवड्यात देवकाबाई आली. टोपली उतरवली, हाश्शहुश्श केलं.

"झाली काय वो एकदानी?"

"कोणती एकदाणी?"

"आमची! रूपाली आनून देते म्हने तुमच्यापाशी. वाढवाले."

"माझ्याकडे कोणी आलं नाही, देवकाबाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या शोरूमकडे पाहिलं, आणि भाजीचे पैसे न मोजताच उठली.

दुसऱ्या दिवशी सासू-सून दोघी ओट्यावर हजर. रूपालीच्या हातात ती मखमलीची डबी. रात्रभर रडलेली दिसत होती. भावकीत बोभाटा झाला होता. जावा म्हणत होत्या, अमरावतीवालीनं एकदाणी विकून खाल्ली. नवरा बोलत नव्हता. चुलत सासऱ्यानं सांगून टाकलं होतं, ही मांडवात दिसली नाही पाहिजे.

"बाई," रूपाली मला म्हणाली, "वाढवून टाक म्हणजे मोडून टाकच ना? तुम्हीच सांगा."

मी सांगितलं, "पोरी, मीसुद्धा तेच समजले असते."

देवकाबाईनं पदर खोचला. मग सुनेकडे न पाहता म्हणाली, "मायाच तोंडचा शब्द हाय थो. तिले काऊन बोलून राह्यले लोक? चाल उठ."

आम्ही तिघी शोरूममध्ये गेलो. मालक गल्ल्यावर बसून हसत होता. त्याच्यावरचा राग माझा अजून गेलेला नाही. तो आमच्याच लाइनीत लहानाचा मोठा झाला, ती एकदाणी कोणाची हे त्याला ठाऊक होतं. लग्नाच्या तोंडावर तरणी सून एकटी येऊन भावकीचा डाग, म्हणजे दागिना, मोडीत देते, तेव्हा एक फोन करावा, एवढी अक्कल त्याला होती. पण फोन त्यानं केला तो वाशीमला. "मोडीत दिली, मोडीत घेतली," तो म्हणाला. "आणि काकू, मोडली कुठे? असा माल कोणी मोडतं का? साहेबांकडे सुखरूप आहे."

सुखरूप. तो शब्द ऐकून आम्हाला बरं वाटलं, एवढ्या भोळ्या आम्ही.

एसटीनं मंगरुळपीरवरून वाशीमला गेलो. देवकाबाईच्या मांडीवर भाजीची थैली होती. कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून कोवळी वांगी आणि सांबाराची जुडी घेतली होती. ज्यानं आपला डाग ठेवून घेतला त्याच्यासाठी भाजी!  रस्ताभर तिनं एवढंच विचारलं, "बंगला मोठा हाय काय? चपला बाहीर काढा लागन काय?"

साहेबांनी आम्हाला दिवाणखान्यात बसवलं. त्यांच्या बाईंनी पाणी आणलं, चहा आणला. मी हकिकत सांगितली. साहेब मनापासून ऐकत होते. "एकदाणी वाढली म्हणजे?" त्यांनी मध्येच विचारलं. "एकदाणी कशी वाढेल?"

"अहो, तुटली," त्यांच्या बाई हळूच म्हणाल्या. "तसं म्हणत नाहीत आपल्याकडे."

"अच्छा! किती सुंदर," साहेब म्हणाले.

मग ते आत जाऊन एक लाकडी खण घेऊन आले. आत निळी मखमल, मखमलीवर एकदाणी. मोजे घातलेल्या हातांनी त्यांनी ती आमच्यासमोर ठेवली. मणी न मणी चकचकीत, एका तारेत ओवलेला. खाली छापील चिठ्ठी: 'एकदाणी. वऱ्हाड. शेतकरी स्त्रियांचा पारंपरिक अलंकार.' मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. देवकाबाई समोर खुर्चीच्या काठावर बसली होती, आणि शेतकरी स्त्रिया चिठ्ठीत होत्या.

रूपालीनं वाकून पाहिलं. तिनंच मागच्या बाजूला आधी पाहिलं.

"काळे मणी कुठे आहेत?"

"ते ना," साहेब म्हणाले, "ते काचेचे होते. साधे बाजारू मणी, नंतर कोणीतरी घातलेले. एकाचा एकाशी मेळ नाही, काही तर अगदी अलीकडचे. मूळ दागिन्याचा तो भाग नव्हता. म्हणून काढून टाकले. आता पाहा, मूळ रूप कसं दिसतं."

"काढून कुठी ठेवले?" देवकाबाईनं विचारलं.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई उठल्या, आत गेल्या. खण उघडल्याचे, डबे सरकवल्याचे आवाज येत राहिले. त्या रिकाम्या हातानं परत आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. "कचऱ्यात गेले असतील हो. मला काय माहीत..."

मी देवकाबाईला पुष्कळ वर्षांपासून ओळखते. बाजारात मापात खोट काढणाऱ्याचा बाप उद्धरताना मी तिला ऐकलं आहे. त्या वेळी मात्र तिचा हात आपोआप मानेमागे गेला, जिथं गोंडा यायचा तिथं, आणि तिथंच राहिला. मी पेटले ते तो हात पाहून. मी साहेबांना नको नको ते बोलले. म्हटलं, घामाचा मळ धुतला तर तुम्ही माझ्या ओट्यावर नाचला होता, आणि माणसं धुऊन टाकलीत ती चालतात? म्हटलं, प्रत्येक मणी एकेक बाई होती, या बाईचा मणी होता, तिच्या धन्याच्या नावाचा शेवटचा. तुम्ही कधी एकीला तरी विचारलंत का?

साहेब पांढरे पडले. वाईट माणूस नाही, हे मी पुन्हा सांगते, आणि त्यामुळेच जास्त राग येतो. वाईट माणसाला शिव्या देऊन मोकळं होता येतं. ते म्हणाले, "बाई, मला कल्पना नव्हती. पण एक लक्षात घ्या, मी घेतली नसती तर आज ही माळ मुशीत वितळलेली असती." हे खरं होतं. ते खरं बोलले याचाही मला राग आला.

मग त्यांनी विचार करून, अगदी मोठ्या मनानं, तोडगा काढला. "तुमच्या लग्नाला मी ही देतो. माझा माणूस घेऊन येईल, विधी होऊ द्या, आणि संध्याकाळी तो परत घेऊन येईल. दर लग्नाला देईन. लेखी देतो हवं तर."

देवकाबाईनं मानेवरचा हात काढला. "म्हंजे आमची एकदानी आमालेच उसनी?"

"उसनी असं नाही. सुरक्षित राहील, एवढंच म्हणतो."

रूपाली रडत रडत पुढे झाली. तिनं मखमलीची डबी टेबलावर ठेवली. "हा हार घ्या, साहेब. याच्या बदल्यातच दिली होती. आमची आम्हाला द्या."

साहेब त्या डबीकडे पाहत राहिले. ते देणार होते, असं मला वाटतं. त्यांच्या बाई पुढे होऊन म्हणाल्यासुद्धा, "देऊन टाका हो." साहेबांनी मानेनंच हो म्हटलं आणि खण आमच्याकडे सरकवला.

आणि देवकाबाईनं तो परत सरकवला.

"ठेवा तुमी," ती म्हणाली. "मनी नाई, त मंग हे निरं सोनं हाय. सोनं दुकानात भेटते." तिनं डबी उचलून सुनेच्या हातात दिली. "चाल व."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "देवकाबाई, वेडेपणा करू नका. सोन्याचे मणी तरी त्याच बायकांच्या गळ्यातले आहेत. मी गाठवून देते नव्यानं."

"त्या बायायचे मनी यायनं कचऱ्यात टाकले आन् सोनं मखमलीत ठेवलं," ती म्हणाली. "कोनतं भारी हे त्यायनं सांगतलं. मले नाई पाह्यजे ते."

दारात ती थांबली. भाजीची थैली तिनं साहेबांच्या बाईंच्या हातात दिली. "वांगी कवळी हायेत, बाई. ठेवू नोका. खाऊन टाकजा."

तिनं चूक केली की बरोबर, हे मला आजही सांगता येत नाही. परतीच्या एसटीत मी तिच्यावरही चिडले होते. मोडलेलं सोनं परत येतं, टाकलेलं येत नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती आणि रूपाली डबी मांडीवर घेऊन बसली होती. मंगरुळपीरला गाडी थांबली तेव्हा सासूनं सुनेला उसाचा रस पाजला. स्वतः घेतला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी भावकीतल्या बाया माझ्या ओट्यावर आल्या, देवकाबाईनं आणल्या म्हणून आल्या. तोंडं फुगलेली. देवकाबाई म्हणाली, "ज्याच्या त्याच्या पोतीतला एकेक मनी काढा. पटवीनबाई, दोरा ताना." मी अंगठ्याला दोरा अडकवला. एकेकीनं आपल्या मंगळसूत्राची गाठ माझ्यासमोर सैल केली, मी मणी काढला आणि ओवला. रूपालीचा मणी ओवताना एक जाऊ पुटपुटली, "हिचा कायले?" देवकाबाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

सोनं नव्हतं. काळे मणी, लाल रेशीम, मागे गोंडा. ज्या बाया गेल्या होत्या, त्यांच्यासाठी मी माझ्या डबीतले सुटे मणी काढले. देवकाबाई म्हणाली, "नोका टाकू. त्यायचे नाईत ते." मग काय करू, मी विचारलं. "गाठ मारा. मनी नाई त नाई, गाठ राहू द्या." मी त्यांच्या नावानं गाठी मारल्या. आयुष्यभर मी दोन मण्यांच्या मध्ये गाठ मारली, मण्याच्या जागी गाठ पहिल्यांदाच मारत होते.

शेवटी मी देवकाबाईकडे पाहिलं. मणी द्यायला तिच्या गळ्यात काही नव्हतं. ती जिवंत होती, माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. "माई बी गाठच," ती म्हणाली. मी तिची गाठ मारली. नीट दिसत नव्हतं. ऑपरेशन चांगलं झालं होतं, तरी दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मांडवात चुलत सासरे आडवे आले, ही पोरगी पुढे नको म्हणाले. देवकाबाईनं सगळ्या वऱ्हाडासमोर आवाज दिला, "रूपाली, ये व. तुयाच हातून गळ्यात पडते. तूच शेवटची हायेस ना?" रूपालीनं ती बिनसोन्याची पोत नव्या नवरीच्या गळ्यात घातली. नवरीच्या मैत्रिणी एकमेकींकडे पाहून हसल्या, हा कसला दागिना म्हणून. हसू द्या. त्यांच्या गळ्यात फुंकरीनं उडणारी साखळी होती.

महिन्याभरानं साहेबांचा फोन आला. आवाज नरम होता. म्हणाले, बाई, मला झोप नाही. ती चिठ्ठी बदलायची आहे. ती मण्यांची रीत त्यात लिहायची आहे, कोणता मणी कोणाचा, कोणत्या क्रमानं, देवकाबाईंचं नावसुद्धा घालतो. निदान नोंद तरी राहील. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो.

"लिहा," मी म्हटलं.

"हां, बोला."

"एकदाणी वाढली."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. मग साहेबांनी विचारलं, "कोणत्या अर्थानं लिहू, बाई?"

मी फोन ठेवला आणि दुकान वाढवलं.